परीक्षेला दिलेली मान

“मानच हवी आहे,” डॉ. हॅलम म्हणाले. “कुणाचीही चालेल. कोण देतंय?”

त्या सकाळी ज्या बाईंची थायरॉइडची गाठ आम्ही तपासणार होतो, त्या आल्याच नव्हत्या. खोलीत सहा इंग्लिश विद्यार्थी आणि सातवी मी. हीटर बंद पडलेला. मफलर काढायला कुणी तयार नव्हतं. मी हात वर केला.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. त्या हॉस्पिटलात आल्यापासून मी भिंतीला टेकून उभी होते. मी पाहुणी विद्यार्थिनी. बघायचं, ऐकायचं, रुग्णाला हात लावायचा नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर तसं छापलंच होतं. हॅलम रोज सहाही जणांना प्रश्न विचारायचे आणि माझ्यापाशी आले की खिडकीबाहेर बघायचे. उत्तरं मला येत असत. ओठांवर येऊन तिथेच वाळत असत.

मी स्टुलावर बसले. एकेक जण मागून येऊन मान चाचपायला लागला. गार गार बोटं. मी हसत होते. तिसरा आला तो ऑलिव्हर नावाचा पिंगट केसांचा मुलगा. त्याची बोटं डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या जरा वर थांबली. पुढे गेली. परत आली.

“सर,” तो म्हणाला.

हॅलम माझ्या मागे येऊन उभे राहिले. काही न विचारता त्यांनी बोटं टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली.

“मिस मगदूम, उठू नका,” ते म्हणाले. मग मला काही न सांगता बाकीच्यांकडे वळले. “सगळ्यांनी पुन्हा बघा. डावीकडे, हाडाच्या वर. सापडलं की बोलायचं नाही, जागेवर जाऊन बसायचं.”

सगळ्यांनी पुन्हा बघितलं. पहिल्या दोघांच्या वेळी मी हसत होते. मला वाटलं, हा काही खेळ आहे, मला रुग्णाचं सोंग दिलंय. मग माझ्या लक्षात आलं की माझ्याबरोबर कुणी हसत नाहीये.

“कारणं सांगा,” हॅलम म्हणाले.

“साधा जंतुसंसर्ग.”

“लिम्फोमा.” म्हणजे गाठींचा कॅन्सर.

“पोटातल्या कॅन्सरची पसरलेली गाठ.”

“तेविसाव्या वर्षी? असो. विचार चांगला आहे. आणखी?”

“टीबी,” ऑलिव्हर पुटपुटला.

“पुटपुटतोस कशाला?”

“नाही, म्हणजे... त्या जिथून आल्यात...”

“मोठ्यानं म्हण. भूगोलाची कसली लाज?” हॅलम खुशीत होते. मग ते माझ्यासमोर आले. “मिस मगदूम, अशा रुग्णाला तुम्ही काय विचाराल?”

इतक्या दिवसांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. आणि मी उत्तर दिलं. धडाधड दिलं. ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घाम फुटतो का, घरात कुणाला टीबी होता का, टीबीच्या वॉर्डात काम केलंय का. बोलता बोलता माझ्या ध्यानात येत गेलं की यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर हो आहे. वजन उतरलं ते इथल्या बेचव जेवणानं, असं मी धरून चालले होते. घाम येतो तो जाड रजईमुळे.

“उत्तम,” हॅलम म्हणाले. “पैकीच्या पैकी.”

आणि सांगायला नको, पण त्या क्षणीही मला अभिमान वाटला.

मी जयसिंगपूरची. आण्णांचं पंप आणि पाइपांचं दुकान. घरात पहिली डॉक्टर होणार ती मी, आणि होणार ती साधीसुधी नाही, विलायतेत जाणार, असं आण्णांनी मी बारावीत असतानाच गावभर करून ठेवलं होतं. शेवटच्या वर्षाला दोन महिने परदेशातल्या हॉस्पिटलात अनुभव घ्यायला जाता येतं हे कळलं, तेव्हा आण्णांनी लगेच शिरगुप्पे काकांना गाठलं. शिरगुप्पे काका आमच्याच जैन बस्तीतले, देवळात रोज भेटणारे. त्यांचा मुलगा निनाद इंग्लंडात डॉक्टर. माझ्याच कॉलेजातून पास झालेला, माझ्याहून बराच पुढचा.

“परक्या ठिकाणी पोर एकटी कशी राहील? निनाद असताना?” काका म्हणाले. तसं माझं सगळं जुळलं. निनाददादा शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरी करायचा, आणि राहायचा माझ्या हॉस्पिटलपासून बसच्या अंतरावर. घरात ऋतावहिनी आणि वर्षाची ईरा. मला वरची छोटी खोली दिली होती. संध्याकाळी दादा सोफ्यावरच्या उशीपुढे उभा राहून “नमस्कार, मी तुम्हाला तपासू का?” म्हणत सराव करायचा. डॉक्टरांची तिथली एक मोठी परीक्षा असते, खऱ्या रुग्णांना परीक्षकांसमोर तपासायची. ती पास झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. दादा तीत दोनदा आपटला होता. वहिनी उशीच्या बाजूनं उत्तरं द्यायची, आणि आम्ही सगळे खूप हसायचो. मला ते घर फार आवडायचं. मनातल्या मनात मी माझंही तसंच घर तिथे मांडून ठेवलं होतं.

गाठीत सुई घालून नमुना घेतला. काही दिवसांनी हॅलम मला जिन्यात भेटले. वर चढता चढता म्हणाले, “अभिनंदन. लिम्फोमा नाही. टीबीच आहे.” आणि चढत गेले.

पुढचं सगळं टीबीची नर्स मॉरीन हिनं समजावलं. गोळ्या फुकट मिळतील, सहा महिने घ्यायच्या, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. तरी नियम म्हणून कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं जे ऑफिस असतं त्यांचा कागद येईपर्यंत मी वॉर्डात पाय टाकायचा नाही. बिल्ला तिनंच काढून घेतला. हळूच काढला, केसात अडकू नये म्हणून.

घरी आल्यावर मी सांगितलं. वहिनी ईराला भरवत होती. तिचा चमचा तसाच हवेत राहिला.

“पसरतो का हा?”

“गाठीचा नाही पसरत, वहिनी. छाती स्वच्छ आहे. दादाला विचारा ना.”

तिनं दादाकडे बघितलं. दादा पुस्तकातून वर बघत म्हणाला, “नाही पसरत.” मग थोडं थांबून, “सहसा.”

त्या एका ‘सहसा’नं माझं तिथलं बिऱ्हाड उठलं. वहिनीनं ईराला उचललं आणि आत गेली. आतून नळ सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दुसऱ्या दिवशी मी मॉरीनकडून गोळ्या घेऊन परत आले, तर माझ्या दोन्ही बॅगा दारातल्या पोर्चमध्ये होत्या. नीट भरलेल्या. आईनं दिलेला मेतकुटाचा डबासुद्धा पिशवीत बांधून ठेवलेला. दादा दारात उभा होता.

“टॅक्सी बोलावलीय,” तो म्हणाला. “पदू, राग मानू नकोस. मला सगळं कळतं गं. पण घरात लहान मूल आहे.”

“दादा, तू डॉक्टर आहेस.”

“म्हणून तर. उद्या काही झालं तर लोक मलाच विचारणार ना, तुला कळत नव्हतं का म्हणून?”

वरच्या खिडकीचा पडदा हलला. टॅक्सी आली तेव्हा त्यानं बॅगांना हात लावला नाही, ड्रायव्हरला खूण केली. मग खाली वाकून खिडकीशी आला.

“आणखी एक कर. त्या नर्सनं विचारलं ना, कुणाकडे राहात होतीस, तर पहिल्यापासून हॉस्टेलवर होते म्हणून सांग. आमची नावं त्यांच्याकडे गेली की माझ्या डिपार्टमेंटला फोन जाणार. परीक्षा तोंडावर आलीय माझी. एवढं कर.”

मी केलं. मॉरीननं विचारलं आणि मी हॉस्टेल सांगितलं. तिनंच हॉस्टेलची एक खोली मिळवून दिली. घरी आईला आजाराचं कळवलं होतं. ती फोनवर रडरड रडली. तिला आणखी घोर नको म्हणून मी म्हणाले, “दादाकडेच आहे मी. वहिनी सगळं बघते माझं.”

“देव त्यांचं भलं करो,” आई म्हणाली. “गावात कुणाला बोलू नकोस हं. उद्या तुझं लग्न व्हायचंय.”

हॉस्टेलच्या खोलीत मी दिवसभर काय करणार? गोळ्यांनी मळमळायचं. खिडकीतून हॉस्पिटलचं मागचं दार दिसायचं. तिथून ते सहा जण हसत खिदळत आत जाताना दिसायचे. ऑफिसचा कागद काही येईना.

आणि एक दिवस हॅलमनी बोलावून घेतलं.

“तुम्हाला वॉर्डात विद्यार्थी म्हणून घेता येत नाही,” ते म्हणाले, “पण रुग्ण म्हणून यायला काय हरकत आहे? पुढच्या शनिवारी इथे मोठी परीक्षा आहे. मला एक चांगली मान पाहिजे.”

मला समजायला वेळ लागला. ती परीक्षा दादा ज्याचा सराव करायचा तीच होती. उमेदवार डॉक्टर येतात, रुग्णाला तपासतात, परीक्षकांना निदान सांगतात. त्या दिवशीच्या रुग्णांत मी एक असणार होते.

“तुमची मान फार शिकवण्याजोगी आहे,” हॅलम म्हणाले. “समोरची गाठ कुणालाही सापडेल. पण मागे, स्नायूच्या आड, आणखी एक आहे. मान उजवीकडे वळवून, हनुवटी खाली घेतल्याशिवाय ती हाताला लागत नाही. मलाही दुसऱ्या खेपेला सापडली. तिच्यावरून मला कळेल कोण डॉक्टर आहे आणि कोण हमाल.” मग ते बोट उगारून म्हणाले, “एकच अट. शनिवारपर्यंत याबद्दल कुणाशी अवाक्षर नाही. उमेदवार रुग्णांची माहिती काढत फिरतात. तुमच्याकडचे तर फारच.”

मी हो म्हणाले. दोन कारणं होती. एक, उद्या मला तिथे यायचं तर हॅलमसारख्या माणसाचा शब्द लागणार होता. आणि दुसरं, ती परीक्षा मला एक दिवस द्यायचीच होती. पलंगावरून का होईना, बघायला तर मिळेल.

दोन दिवसांनी ऋतावहिनीचा फोन आला. माझा एक टॉवेल राहिलाय, तो टाकून देऊ का, असं विचारायला. मी टाक म्हणाले. तिनं सहज विचारलं, दिवस कसा जातो तुझा? आणि इतक्या दिवसांत कुणी मराठीत एवढंसुद्धा विचारलं नव्हतं म्हणून म्हणा, मी सांगून टाकलं. पुढच्या शनिवारी आमच्या हॉस्पिटलात ती दादाची परीक्षा आहे, त्यात मी रुग्ण आहे, हॅलमनी स्वतः मला निवडलंय.

“अगंबाई,” वहिनी म्हणाली. “यांची पण त्याच आठवड्यात आहे. पण ते स्कॉटलंडला चाललेत.”

रविवारी दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर निनाददादा. हातात डबा.

“ज्वारीचं पीठ मिळालं इकडे एका दुकानात,” तो म्हणाला. “ऋतानं भाकरी केल्यात. मुगाची उसळ आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. बस, जेव आधी.”

मी जेवले. तो समोर खुर्चीवर बसून बघत होता. बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

“मी चुकलो गं पदू,” तो म्हणाला. “तुझ्या आण्णांनी माझ्या भरवशावर पाठवली तुला, आणि मी टॅक्सीत बसवून दिली. रात्र रात्र झोप लागत नाही मला.”

मग मला काय रडू फुटलं म्हणून सांगू. दारातल्या बॅगांपासून जे जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या आजारानंतर मला आपणहून हात लावणारं ते माझं पहिलं माणूस होतं.

“बघू तरी तुझी मान,” तो म्हणाला. “भाऊ डॉक्टर असून नुसता ऐकत बसलोय.”

त्यानं तळहात एकमेकांवर चोळले, गरम केले, आणि मग मान हातात घेतली. किती हलका हात होता त्याचा! समोरची गाठ त्याला सापडली. मीच म्हणाले, “मागे आणखी एक आहे. हॅलमना पण पहिल्यांदा नव्हती लागली.”

“कुठे?”

“थांब, मान वळवते. आता हनुवटी खाली. हां, आता बघ.”

“ही होय,” तो म्हणाला. “खरंच की.”

मग त्यानं सगळं विचारलं. सुईत काय आलं, रक्तात काय आलं, औषधं कुठली, किती, त्यांनी काय काय त्रास होऊ शकतो हे मॉरीननं सांगितलं का. मीही एकेक सांगत गेले. इतक्या आस्थेनं चौकशी माझ्या आईनंसुद्धा केली नव्हती. हॅलमची अट मला आठवली नाही असं नाही. पण अट उमेदवारांसाठी होती. हा माझा दादा होता, आणि त्याची परीक्षा स्कॉटलंडला.

निघताना मी डबा धुवायला घेतला, तर म्हणाला, “राहू दे, राहू दे. तो तुलाच ठेव.” मला वाटलं, भेट म्हणून.

शनिवारी मला पडद्यांनी आडोसा केलेल्या पलंगावर बसवलं. पांढरा झगा, मान उघडी. पायाशी दोन परीक्षक. एक हॅलम आणि दुसऱ्या डॉ. प्राइस म्हणून वेल्समधून आलेल्या बाई, गोल चेहऱ्याच्या, मायाळू. घंटा वाजली की एक उमेदवार आत यायचा, दुसरी वाजली की जायचा.

पहिल्यानं समोरची गाठ इतकी दाबली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीला घाबरून काहीच सापडेना. तिनं गाठ उजवीकडे सांगितली. हॅलम खिडकीबाहेर बघत होते. तिसऱ्यानं नीट तपासलं, पण मागच्या गाठीपाशी तोही पोचला नाही.

चौथा आत आला तो निनाददादा.

काळा सूट, निळा टाय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे बघितलं, पण खुर्चीकडे बघावं तसं. “सुप्रभात. मी डॉ. शिरगुप्पे. तुमची मान तपासली तर चालेल ना?”

उशीला विचारायचा तोच सूर.

मी मान हलवली असावी. त्यानं तळहात चोळून गरम केले. डॉ. प्राइसच्या चेहऱ्यावर लगेच कौतुक आलं. त्यानं समोरची गाठ बघितली. मग म्हणाला, “आता डोकं जरा उजवीकडे वळवाल? हनुवटी खाली. धन्यवाद.” आणि त्याची बोटं सरळ तिथे जाऊन थांबली, जणू घरचीच वाट. मला दुखू न देता.

तो सरळ उभा राहिला, हात मागे बांधले आणि बोलायला लागला. डावीकडे दोन गाठी, एक पुढे, एक स्नायूमागे. कुठल्या तपासण्या, त्यात काय सापडायची शक्यता, कुठली औषधं. एक शब्द अडला नाही. हॅलम खिडकीतून वळून त्याच्याकडे बघायला लागले होते.

“दादा,” मी मराठीत म्हणाले. “तू तर स्कॉटलंडला होतास ना?”

दोन्ही परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी इंग्रजीत बोलले. “सर, मी या डॉक्टरांना ओळखते. मी यांच्या घरी राहात होते. मागच्या रविवारी यांनी माझी मान तपासली. ती मागची गाठ मीच यांना दाखवली.”

डॉ. प्राइसची पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता हा पांढराफटक पडणार. पडला नाही. तो पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला. पुस्तकात लिहिलेलं असतं, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, तसा आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सकाळपासून इतकी अनोळखी माणसं तुम्हाला हात लावतायत,” तो म्हणाला. मऊ, संथ आवाजात, इंग्रजीत. “कुणीही गोंधळून जाईल. तुम्ही फार धीरानं घेताय. मी तुमच्या ओळखीच्या कुणासारखा दिसत असेन. घाबरू नका. हवं तर आपण थांबू.”

मग परीक्षकांकडे वळून, आवाज खाली आणून, “हे नुसत्या ताणानंही होत असेल, पण मी एका गोष्टीकडे लक्ष देईन. टीबीच्या औषधांपैकी एकानं क्वचित मनाचा गोंधळ होतो, भासही होतात. यांच्या डॉक्टरांना कळवायला हवं, आणि जीवनसत्त्वाची गोळी सुरू आहे ना, तेही बघायला हवं.”

डॉ. प्राइसनी मान डोलवली आणि लिहिलं. बराच वेळ लिहिलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी इतकी करुणा होती की मी नजर वळवली.

“हे खोटं आहे,” मी म्हणाले. “सर, तुम्ही मला ओळखता.”

हॅलमनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे.

“धन्यवाद, मिस मगदूम,” ते म्हणाले. “रुग्णांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं.”

घंटा वाजली. निनाददादानं माझा झगा गळ्याशी नीट सारखा केला, आभार मानले आणि गेला.

जेवणाच्या सुट्टीत हॅलम एकटेच आले. हातात सँडविचचं पाकीट. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

“तुम्ही खरं बोलताय,” ते म्हणाले.

मी एकदम ताठ बसले.

“मला दुसऱ्या खेपेला सापडलेली गाठ त्याला चुटकीसरशी सापडते? मी मूर्ख नाही. गेल्या वेळी तो नापास कशात झाला तेही मला ठाऊक आहे.”

“मग सर, तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? समजा बोललो. चौकशी बसेल. पहिला प्रश्न, त्याला कुणी सांगितलं? तुम्ही. मी बजावल्यावर. दुसरा प्रश्न, तुम्ही त्याच्याकडे राहात होता याला पुरावा काय? मॉरीनच्या कागदांवर हॉस्टेल आहे, पहिल्या दिवसापासून. म्हणजे तुम्ही एकदा नर्सशी खोटं बोललात, किंवा आज परीक्षकांशी. कुठलं सांगायचं ते ठरवा.” ते अजिबात रागात नव्हते. वर्गात गाठीची कारणं विचारावीत तसं चाललं होतं. “तुम्हाला या देशात कधी डॉक्टर म्हणून यायचंय ना? तेव्हा हे दोन्ही कागद काढून बघितले जातील. त्याची नोकरी जाईल तशी तुमची संधीही जाईल.”

“पण मग तो पास होईल.”

“होईल. आणि वाईट डॉक्टर होणार नाही तो. त्याचा हात बघितलात?” ते जायला वळले, मग थांबले. “सकाळच्या चौघांत तुम्हाला कुणाचा हात चांगला वाटला? पलंगावरच्या माणसाचं मत मी नेहमी विचारतो. खरं सांगा.”

मला खोटं बोलायचं होतं.

“त्याचाच,” मी म्हणाले.

“मलाही तेच वाटलं,” हॅलम म्हणाले. “दुपारी आणखी काही जण आहेत. बसाल ना? दुसरी मान नाही माझ्याकडे.”

मी बसले. दुपारी आलेल्या एकेकानं मान वळवायला सांगितलं की वळवली, हनुवटी खाली घे म्हटलं की घेतली, आणि दुखतंय का विचारलं की नाही म्हणाले.

पुढे हॅलमनी माझी शिफारस केली, भरघोस केली, मी मागितलीही नव्हती. ती कधी वापरली नाही. आज मी सांगलीत छातीच्या रोगांची डॉक्टर आहे. परदेशी का गेला नाहीत म्हणून कुणी विचारलंच तर तिकडची थंडी मानवत नाही म्हणते, आणि लोकांना ते पटतं.

पण हे सगळं फार पुढचं. मी जयसिंगपूरला परत आले तेव्हा गोळ्या अजून चालू होत्या. आल्या आल्या कुणाला काही सांगण्याचं धैर्य झालं नाही. पंधरवड्यानं आण्णा दुकानातून दुपारीच घरी आले, हातात पेढ्यांचा पुडा.

“निनाद पास झाला!” ते दारातूनच म्हणाले. “शिरगुप्प्यांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटले. मी म्हटलं त्यांना, अहो, तुमच्या पोरानं परक्या मुलखात माझ्या लेकीचं दुखणं काढलं, पेढे मी वाटायला पाहिजेत. संध्याकाळी जाऊ या आपण सगळे. श्रीफळ, शाल घेऊन ठेवली मी.”

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. बॅगा, टॅक्सी, डबा, मान, परीक्षा. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. आण्णांनी मला एकदाही मधे अडवलं नाही. ऐकता ऐकता पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी आईकडे बघितलं, आणि आईनं खाली.

“बाळ,” आण्णा म्हणाले. इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. “तू यायच्या आधीच फोन आला होता निनादचा. म्हणाला, काका, त्या गोळ्या फार जहाल असतात, डोक्यात काहीबाही येतं, माणसं खोटंच खरं समजतात. पदू माझ्याबद्दल काही बोलली तर तिला रागवू नका, म्हणाला. वाद घालू नका. नुसतं ऐकून घ्या.”

“आण्णा, तो—”

“हो, हो. मी ऐकलं की नाही सगळं? कोर्स पुरा होऊ दे आधी.”

आईनं आत जाऊन गोळ्यांचं पाकीट आणलं. रोजची वेळ व्हायला अजून अवकाश होता, तरी तिनं आत्ताच गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी गिळेपर्यंत समोरून हलली नाही. मग दोघांनी मला माझी बरी साडी नेसायला सांगितली, कारण शिरगुप्प्यांकडे दिवेलागणीच्या आत पोचायचं होतं.